पोचल्याच्या दोन रिंगा

मंठ्याच्या बाजारात एका दुकानाच्या माडीवर भुजंगसरांचा कॉम्प्युटर क्लास होता. खालून येणारा सरकीचा वास, पंख्याची घरघर आणि एका केबलनं जोडलेले पाच कॉम्प्युटर, एवढाच काय तो थाट. पण पोरं जिन्याखाली चपला काढून यायची, देवळात यावं तशी. सरांना शिकवायची भारी हौस. पुस्तकातलं इंग्रजी पोरांच्या डोक्यावरून जातं म्हटल्यावर ते गावातलाच दाखला शोधायचे.

"एका कॉम्प्युटरनं दुसऱ्याला माहिती पाठवली, म्हणजे काम झालं असं न्हाई," ते सांगायचे. "पोचल्याची पावती यावी लागते. न्हाई आली, तर तेच परत पाठवायचं. कुठवर? पावती येईस्तोवर. आपल्या कौसल्याच्या रिंगा बघा की."

कौसल्या वाटूरहून जीपनं यायची. क्लासला पोचली की इथल्या फोनवरून गावातल्या रामनिवास शेठच्या दुकानात दोन रिंगा द्यायची आणि फोन ठेवायची. तिकडं कुणी उचलायचं नाही, म्हणजे बिलही नाही. दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तिच्या आईला, गोजरबाईला, त्या दोन रिंगांवरून कळायचं की पोर पोचली. मग शेठ उलटी एक रिंग द्यायचे. ती ऐकल्यावरच कौसल्या जागेवर बसायची.

पोळ्याच्या सुमाराला ती जीप रस्त्यातच उलटली. कौसल्या त्या दिवशी क्लासला पोचलीच नाही. पुढं रस्ता खोदताना टेलिफोनची तारही तुटली आणि सरांच्या टेबलावरचा फोन मुका झाला. सरांनी तो दाखला देणं सोडून दिलं.

दिवाळी सरली, आणि एका दुपारी गोजरबाई जिना चढून आली. चपला तिनंही खालीच काढल्या होत्या. सरांनी पाणी दिलं. पेला तिनं नुसता हातात धरून ठेवला.

"सर, ती रोज रिंगा देऊन राह्यली."

"कोण?" सरांनी विचारलं.

"दोनच. क्लासच्या टायमाला, बराबर. शेठनीबी ऐकल्या. पोचले म्हणती... पण कुठं पोचली ओ?"

एक्स्चेंजमधला घोटाळा असेल, लाइनी एकमेकीत मिसळल्या असतील, असं सुचेल तेवढं सरांनी सांगितलं. तिनं वाद घातला नाही, आणि मानलंही नाही.

"तीच मला सांगायची. उलट पावती न्हाई गेली, तर पाठवणारा पाठवीतच राह्यतो म्हणून. खरं हाय का?"

"खरं आहे, मावशी."

"शेठ भेतेत. उलटी रिंग देत न्हाईत. मी दिली, तर तिच्या रिंगा बंद होतील?"

"होतील," सर कसंबसं म्हणाले.

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. "तिचं तेवढंच राह्यलंय माझ्या कानाला... पण लेकरू रोज उभं राहून नंबर फिरवतंय. त्याला कवर तिष्ठत ठेवू? तुमच्या ह्याच फोनवर मारते एक."

"अहो, ह्याला तारच न्हाई."

"बंद फोनवरनं तिच्या येऊन राह्यल्या, मंग माझी जाणार न्हाई का?"

सरांची विद्या तिथंच संपली. जिना उतरता उतरता बाई मायेनं म्हणाली, "येते, सर. पोचले की दोन रिंगा देते."

दुसऱ्या दिवशी क्लास सुरू होता होता टेबलावरचा फोन वाजला. एकच रिंग. पोरं जागच्या जागी थिजली. सरांनी रिसीव्हर कानाला लावला, तर आत काहीच नव्हतं. तुटकी तार खिडकीशी तशीच लोंबत होती. सरांना भीती वाटलीच, पण त्याहून जास्त बरं वाटलं. सुटली बिचारी पोर, असं त्यांच्या मनात आलं.

संध्याकाळी रामनिवास शेठ माडीवर आले. टोपी काढून बाकावर टेकले.

"गोजरबाईनं आज स्वतः नंबर फिरवला, सर. एक रिंग दिली, अन् पायरीवर जाऊन बसली. मी गिऱ्हाईक आटपून बघतो, तर... भिंतीला टेकल्या टेकल्या गेल्ती. तोंडावर बिलकुल तरास न्हाई."

सरांना रात्रभर झोप नव्हती. तरी सकाळी त्यांनी क्लास उघडला. पोरं जमली, सरांनी खडू हातात घेतला, आणि फोन वाजला.

दोन रिंगा. मग शांत.

बाई शब्दाची पक्की निघाली. सरांचे डोळे भरून आले. मायलेकी एका जागी पोचल्या असतील, असं मनाशी म्हणत त्यांनी फळ्याकडं तोंड वळवलं.

पाठीमागं फोन परत वाजला. दोन रिंगा.

पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "सर... उलटी एक द्यायची ना?"

सरांनी रिसीव्हर उचलला. वाटूरचा नंबर त्यांना पाठ होता, पण बाई आता वाटूरला नव्हती. बोट आकड्यांवर नुसतंच फिरत राहिलं. पोरं एकटक बघत होती.

ती पोचली तिथला नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. सरांनी रिसीव्हर हळूच खाली ठेवला, आणि फोन पुन्हा वाजायला लागला.