बिरूआण्णाचं रक्तवय

वय कागदावर बघायचे दिवस गेले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आधी सगळी गंमतच होती. माणदेशात निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला. पोरगं शाळेत घालताना मास्तर विचारायचे, "कधीचं हे?" आई सांगायची, "वैरण संपली हुती, तवाचं." मास्तर मुकाट लिहायचे, एक जून. असल्या तारखांवर सरकार म्हाताऱ्यांचा विमा उतरवणार कसा? म्हणून मग रक्तवय निघालं.

रक्तवय म्हणजे काय, तर अंगठ्याला एक टिकली चिकटवायची. ती रक्ताचा थेंब ओढते, आणि यंत्र त्यातनं सांगतं की हे शरीर किती झिजलंय. रक्तानं पासष्ट गाठली की सरकारी विम्याचं दार उघडतं, सहासष्टला बंद होतं. त्या मधल्या काळात नाव घातलं तर मरेपर्यंत सगळा उपचार सरकारचा. लवकर गेलात तर परत पाठवतात. उशिरा गेलात तर निम्माच, आणि तोही जन्मभर निम्माच. आजारी पडल्यावरच सगळे नाव घालायला लागले तर योजना चालायची कशी, असं सरकारचं म्हणणं.

बिरूआण्णा मेटकऱ्याला यातलं काहीच पटायचं नाही. खरसुंडीच्या बाजारातला तो बैलांचा दलाल. बैल आता शर्यतीपुरतेच उरलेत, पण त्यांचं वय सांगायला आण्णाच लागतो. ओठ वर केला की झालं. दोनदाती, चारदाती, का सगळे दात येऊन जुळलेला, लगेच सांगणार. दाताला कानस मारून म्हातारा बैल तरणा म्हणून विकणारे त्यानं कितीतरी पकडले. त्यातनं तो एकच शिकला होता. घाई करतो तो फसवतो.

"अवं, समदी आळी टिकली लावून आली," बायको वैजंता दरसाली म्हणायची. "आपण बी जाऊया की. मला धाप लागती आताशा."

"थांब गं. बाजार उठताना भाव उतरतोच. आन् तुला कशाला टिकली? माझ्यापरीस बारा वर्सांनी ल्हान तू. पोर हायेस अजून."

"व्हय व्हय, पाळण्यातनं आत्ताच उतरले."

यंदा मात्र ती गोठ्यात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप गेलीय, बदलावी लागेल. बदलली नाही तर दिवाळी बघायची नाही. रक्तवय भरलं असेल आणि विमा मिळाला, तरच ते जमणार होतं. तेव्हा कुठं आण्णा तिला घेऊन तालुक्याच्या रक्तवय केंद्रात गेला, तोही कपाळाला आठ्या घालून.

तिथं मुलाणी डॉक्टरीणबाई होत्या. बिचारीनं नीट समजावून सांगितलं. "आण्णा, अंगाच्या कणाकणात आपला आराखडा असतो. उपास, धूर, जागरण, बाळंतपण, ओझं, प्रत्येकाची त्याच्यावर बारीक खूण बसते. यंत्र त्या खुणा वाचतं."

"म्हंजे दात बघितल्यागत."

"अगदी तसंच."

"मग हितं कानस कोण मारतं?"

बाई हसल्या. "कोणी नाही मारत. थेंब कुणाचा हेसुद्धा यंत्र बघत नाही. सरकार रक्ताची ओळख ठेवील म्हणून लोकच घाबरत होते ना. नाव फक्त टिकलीवर असतं, तेवढंच."

आण्णाचे डोळे बारीक झाले. बाजारात खोटा दलाल ओळखायची एक रीत आहे. आपला बैल दुसऱ्याच्या दावणीला बांधायचा आणि मग वय विचारायचं. खोटारडा दात बघतच नाही, मालक बघून बोलतो. पडद्याआड गेल्यावर आण्णानं आपल्या नावाची टिकली वैजंताच्या अंगठ्याला लावली, तिची आपल्या अंगठ्याला.

"काय करताय हे?"

"गप. चोर धरतोय."

थोड्या वेळानं बाईंनी आकडे वाचले. "बिरा मेटकरी, एकाहत्तर. वैजंता मेटकरी, एक्कावन्न."

आण्णानं मांडीवर थाप मारली. "घावला! बाई, तुमचं यंत्र नुसतं नाव बघून बोलतंय. माझ्या टिकलीत हिचं रगात हाय. आम्ही बदलल्या हुत्या! म्हातारं नाव दिसलं की म्हातारं वय, तरणं दिसलं की तरणं. काय?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी दोन नव्या टिकल्या काढल्या, नावाची जागा कोरीच ठेवली, आणि स्वतःच्या हातानं लावल्या. आण्णा मान लांब करून बघत होता.

आण्णाच्या थेंबाला आलं एक्कावन्न. वैजंताच्या थेंबाला एकाहत्तर.

"असं कसं?" आण्णाचा आवाज खाली आला. "ल्हान हाय वो ती माझ्यापरीस."

"कागदावर," बाई म्हणाल्या. "रक्तानं यांनी कधीच पासष्ट ओलांडली. दार बंद होऊन पाच वर्षं झाली. आता निम्माच विमा मिळेल आण्णा. निम्म्यात औषधं बसतात. झडप नाही बसत."

"मग माझं नाव घाला! माझ्या नावावर हिचं करा."

"तुमच्या रक्ताला अजून चौदा वर्षं आहेत." बाईंनी नजर खाली केली. "तुम्हाला काहीच घाई नाही."

बाहेर लिंबाखाली वैजंतानं फडकं सोडलं. भाकरीचा तुकडा चहात बुडवून ती चोखायला लागली. आण्णानं रोज बघितलेलं होतं हे. त्याला वाटायचं, बायकांची आवड. अजूनही त्याच्या मनात होतं, यंत्र चुकलं असेल. शेवटी तो तिच्यापुढं उकिडवा बसला.

"तोंड उघड बघू."

"का? बाजारात उभी करताय काय मला?"

पण तिनं उघडलं. आण्णानं सवयीनं अंगठ्यानं ओठ वर केला. मागं एकही दाढ उरली नव्हती. पुढचे झिजून हिरड्यांना टेकलेले.

"हे कवा पडलं?"

"थोरल्याच्या बाळंतपणापास्नं पडायलेत. तुम्ही कुठं इचारलंत?"

आयुष्यभर दुसऱ्यांच्या जनावरांची तोंडं उघडणारा तो हात तसाच थांबला. अंगठा तिच्या ओठाखालीच राहिला. वैजंतानं तो हळूच बाजूला केला, फडक्याला गाठ मारली आणि धाप टाकत उठली.

"चला," ती म्हणाली. "बैलं उपाशी असत्याल."