सत्तेचाळीस नंबरचं मलम

"ढब्बू, हा चौकोन आहे की पतंग? नीट काप की!" मिरी ओरडली.

"कात्रीच वाकडी आहे!"

"नाचता येईना, अंगण वाकडं!" खिडकीपाशी पट्ट्या मोजत बसलेला शंकासुर म्हणाला.

तिघंही सुट्टीत आत्याकडे राहायला आली होती. मिरी तेरा वर्षांची, अंगाने एवढीशी पण बोलायला तिखट, म्हणून मिरी. शंकासुर आणि ढब्बू तिचे चुलतभाऊ. थोरल्याला प्रत्येक गोष्टीत शंका यायची, आणि धाकट्याचं नाव ढब्बू का पडलं हे त्याच्याकडे बघितलं की कळायचं! आत्या औषधी झाडांच्या प्रयोगशाळेत काम करायची. घरी ठेवून उपद्व्याप करू देण्यापेक्षा बरोबर न्यावं आणि कामाला जुंपावं, असा तिचा सरळ हिशेब होता.

इथल्या बागेत झाडांना नावं नव्हती, नुसते नंबर होते. पानं सावलीत वाळवायची, दळायची, स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढायचा आणि तो मलमात मिसळायचा. मग ते वाटाण्याएवढं मलम गॉझच्या चौकोनावर घेऊन माणसाच्या दंडाला लावायचं, वरून चिकटपट्टी. दोन दिवसांनी पट्टी काढून बघायचं, लाली आली का, खाज सुटली का. सत्तेचाळीस नंबरच्या झाडाचं मलम असं साठ माणसांना लावून झालं होतं आणि साठही दंड स्वच्छ होते. हाताच्या भेगा तर त्याने आठवड्यात भरायच्या! येत्या शनिवारी त्याचे चाळीस खोके रस्त्याच्या कामावरच्या मजुरांकडे जाणार होते. आत्याने त्या झाडापायी तीन वर्षं घासली होती, त्यामुळे सध्या ती गुणगुणत काम करायची.

त्या बुधवारी मात्र शेजारच्या आत्याच्या खोलीतून चढलेला आवाज ऐकू आला. तिघांनी दाराच्या फटीला डोळे लावले.

बागेत रोपं सांभाळणाऱ्या मावशी आत्याच्या टेबलासमोर उभ्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत फडक्यात गुंडाळलेले. प्रयोगशाळेचे मोठे साहेब त्यांच्यापुढे एक कागद सरकवत होते.

"सही करा आणि मोकळ्या व्हा, बाई. हातमोजे न घालता तणनाशक फवारलं म्हणून हात भाजले, एवढंच लिहिलंय. सही केलीत तर काम राहील. नाहीतर शनिवारपासून येऊ नका."

"पण मी तणनाशकाला हातच लावला नाही, साहेब. मॅडमनी भेगांसाठी मलम दिलं होतं ना, ते लावलं. दुसरं काही नाही."

"मावशी, साठ माणसांना लावलंय ते," आत्या म्हणाली. तिचा आवाज कडक नव्हता, पण ठाम होता. "एकालाही साधा ठिपका उठला नाही. मग तुमचेच हात कसे भाजतील?"

मावशींनी कागदाकडे पाहिलं, मग आत्याकडे. "ते मला काय माहीत, मॅडम? पण खोट्यावर सही नाही करणार मी."

त्या निघून गेल्या.  रोज सकाळी तिघांना बोट धरून रोपं दाखवणाऱ्या मावशी खोटं बोलतील? शक्यच नाही! पण मग आत्याच्या साठ पट्ट्या खोट्या का?

मावशी अवजारांच्या खोलीत पायरीवर बसल्या होत्या. मिरीने हळूच विचारलं, "मावशी, हात बघू?"

त्यांनी फडकं सोडलं. ढब्बूने डोळेच मिटून घेतले. हातांच्या मागच्या बाजूला लालकाळे चट्टे पडले होते, मध्येमध्ये फोड आले होते.

"खूप दुखतं का हो?"

"दुखतं गं. पण त्यापेक्षा ते कागदाचं जास्त दुखतं." मावशी जमिनीकडे बघत बोलत होत्या. "घरचे सांगतात, सही कर, पोटासाठी माणूस काय काय करतं. पण मी सही केली की ते खोके बाहेर पडणार. उद्या कुणाकुणाचे हात असे होतील! मला झोप लागेल का?"

 मिरी त्या हाताकडे बघत होती. आणि तेवढ्यात तिला ते दिसलं.

"मावशी, ही मनगटावरची गोरी पट्टी कशाची? इथे काहीच झालेलं नाही!"

"इथे घड्याळाचा पट्टा असतो. रुंद आहे चांगला."

"पट्ट्याखाली मलम लावलं होतं?"

"लावलं होतं की. सकाळी सातला सगळ्या हाताला चोळायचं, वर घड्याळ बांधायचं आणि वाफ्यात उतरायचं."

तिघं बाहेर आली ती पळतच. शंकासुराची गाडी लगेच सुरू झाली. "एका पट्ट्यावरून काय ठरतं? पट्ट्यामुळे तणनाशकसुद्धा आत गेलं नसेल!"

"पातळ औषध पट्ट्याखाली झिरपतं. उलट तिथे साचून जास्त भाजलं असतं," मिरी म्हणाली. "आणि मलम तर पट्ट्याखालीही होतंच. मग तिथे का नाही भाजलं?"

"पॅकिंगमधल्या ताई रोज हेच मलम लावतात," ढब्बू म्हणाला. "त्यांचे हात गुळगुळीत आहेत. मला गोळ्या देतात ना, मी बघितलेत."

"पॅकिंगच्या खोलीत तर खिडकीसुद्धा नाही," शंकासुर पुटपुटला आणि एकदम थांबला. "मिरे... ऊन!"

मावशी दिवसभर उन्हात आणि पॅकिंगच्या ताई दिवसभर दिव्याखाली. पट्ट्याखालच्या मलमाला ऊन लागलंच नव्हतं. आणि ते साठ दंड? प्रत्येक चौकोनावर चिकटपट्टी! ते चौकोन तर तिघं स्वतःच कापत होती!

मिरी धावत आत्याकडे गेली. आत्या फोनवर खोक्यांवरच्या लेबलांबद्दल बोलत होती.

"आत्या, ते मलम उन्हात..."

"मिरे, आत्ता नको. ऊन काय, सावली काय! नियमाप्रमाणे चाचणी झाली आहे. जा, चौकोन कापा."

"अगं, ऐक तर!"

"जा म्हटलं ना!"

गुरुवारी भर बारा वाजता मिरी प्रयोगशाळेच्या मागच्या गच्चीवर गेली. पेनाने तिने डाव्या हातावर तीन छोटे चौकोन आखले. पहिल्यावर मलम लावलं आणि तो उघडा ठेवला. दुसऱ्यावर मलम लावून वर काळी चिकटपट्टी. तिसरा नुसताच, मलमाशिवाय.

"मिरे, नको," शंकासुर म्हणाला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "खरंच भाजलं तर?"

"भाजलं नाही तर मावशींचं काम जाईल."

ती तासभर उन्हात बसली. तिला भीती वाटत होती, उगाच कशाला लपवा! मावशींचे फोड सारखे डोळ्यांसमोर येत होते. ढब्बू शेजारी बसून आपल्या टोपीने तिच्या डोक्यावर सावली धरत होता. तास झाल्यावर तिने हात साबणाने धुतला आणि लांब बाह्यांचा सदरा घातला.

शुक्रवारी सकाळी हातावर काही नाही. दुपारी नाही. संध्याकाळीही नाही!

"आपलं चुकलं," मिरी उशीत तोंड खुपसून म्हणाली. "मावशींना आता कोण वाचवणार?" त्या रात्री कोणीच कोणाला चिडवलं नाही.

शनिवारी सकाळी ती जागी झाली ती खाजेने. तिने बाही वर केली. पहिला चौकोन लालभडक झाला होता, मधोमध पाण्याचा फोड. तिने काळी पट्टी सोलली. खालची कातडी स्वच्छ! नुसता चौकोनही स्वच्छ!

"उठा रे! उठा!"

आत्या तर पहाटेच गेली होती. तिघं धापा टाकत प्रयोगशाळेच्या फाटकाशी पोचली, तेव्हा ट्रक भरून तयार होता आणि ड्रायव्हर इंजिन सुरू करत होता.

"काका, थांबा! खोके नेऊ नका!"

"पोरांनो, बाजूला व्हा. साहेबांचा हुकूम आहे."

शंकासुराने ढब्बूच्या कानात काहीतरी सांगितलं. ढब्बू दोन पावलं चालला आणि उघड्या फाटकाच्या मधोमध धपकन आडवा झाला.

"अगं आई गं! मेलो! पोटात कळ आली! मला हलवू नका!"

ड्रायव्हर उतरला, पहारेकरी धावला, पाणी आणा, डॉक्टरला बोलवा, एकच गलका! ढब्बू उचलायला सोपा नव्हताच. तोवर मिरी जिना चढून वर पोचली होती.  तिने फक्त हात आत्यासमोर टेबलावर ठेवला.

"हे काय? काय लागलं तुला?"

"सत्तेचाळीस नंबर. हा उन्हात होता, हा पट्टीखाली, आणि ह्याला मलमच नव्हतं. परवा दुपारी एक तास."

आत्या खाली वाकली. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"साठच्या साठ पट्ट्या झाकलेल्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "एकाच्याही मलमाला ऊन लागलं नाही. काही झाडांच्या रसाला ऊन लागलं की कातडी दोन दिवसांनी अशी भाजते. आणि आम्ही ते दिवसभर उन्हात राबणाऱ्यांना पाठवत होतो!"

मग ती धावली. आत्याला जिन्यावरून असं धावताना कोणीच पाहिलं नव्हतं. "ट्रक थांबवा! एकही खोका बाहेर जाणार नाही!"

साहेब तणतणत आले. "मॅडम, एका पोरीच्या हातावरून चाळीस खोके अडवायचे?"

"दोन हातांवरून, साहेब. दुसरा मावशींचा आहे, आणि तो आपण बुधवारी फडकं सोडून पाहिलासुद्धा नाही."

साहेबांनी मिरीचा हात पाहिला.  मग ड्रायव्हरला म्हणाले, "खोके उतरवा." फाटकातला ढब्बू टुणकन उठून बसला आणि पहारेकऱ्याने कपाळावर हात मारला.

"पोरांनो," साहेब खाकरून म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं आम्ही, आणि आमच्या डोळ्यांवरची झापडं तुम्ही काढलीत. आज तुम्ही नसता तर शेकडो लोकांचे हात भाजले असते. शाबास!"

आत्याने मिरीच्या हातावर थंड पाण्याची घडी ठेवली. तिचे डोळे भरले होते आणि ती रागावलेलीही होती. "पुन्हा स्वतःच्या अंगावर असला प्रयोग करशील तर याद राख! मी ऐकलं नाही, ही माझी चूक. पण माझ्या पुढ्यात ठाण मांडून बसायचं, ओरडायचं, आदळआपट करायची. स्वतःला भाजून घ्यायचं नाही. कळलं?"

"कळलं," मिरी म्हणाली, आणि आत्याने तिला जवळ ओढून घट्ट धरलं.

मावशी अवजारांच्या खोलीत आपलं सामान पिशवीत भरत होत्या. फडकी गुंडाळलेल्या हातांनी जमत नव्हतं. आत्या दारात उभी राहिली. मागे साहेब, तिघं मुलं आणि पॅकिंगमधल्या ताई.

"मावशी, तुम्ही खरं सांगत होतात. मी तुमच्यावर विश्वास ठेवला नाही. साठ जणांचं ऐकलं आणि तुमचं ऐकलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा." साहेबांनी खिशातून तो कागद काढला आणि सगळ्यांदेखत फाडला.

 मावशींची नजर मिरीच्या हातावर गेली आणि पदर तोंडाला लावून त्या रडू लागल्या. "कशाला गं केलंस पोरी? माझ्यासाठी कशाला भाजून घेतलंस?"

"तुम्ही खोटी सही केली नाहीत म्हणून," मिरी म्हणाली. तिच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

आत्याने मावशींना हाताला धरून वर आपल्या खोलीत नेलं. आधी त्यांच्या हातांवर औषध लावून मऊ फडकं गुंडाळलं. मग त्यांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं, आपण समोरच्या स्टुलावर बसली आणि कोरी वही उघडली.

"आता सगळं पहिल्यापासून सांगा, मावशी. अगदी बारीकसारीक. मला घाई नाही."

मावशींनी डोळे पुसले, ताठ बसल्या आणि सांगायला लागल्या. आत्या एकेक शब्द लिहून घेत होती.