अर्ध्या सेकंदाची घंटा

"टीचर, घंटा गेली!"

सांतान धापा टाकत आला, तेव्हा मर्लिन कॅमेऱ्याची तिपाई मिटत होती. सूर्य नुकताच बुडाला होता. शिरोड्याच्या किनाऱ्यावर पर्यटन महोत्सवाचा पहिलाच नाच संपला होता आणि पाहुणे सोंगं घेतलेल्या नाचणाऱ्यांसोबत सेल्फी काढायला मंचाकडे धावत होते.

"खंयची घंटा?"

"आपली! चॅपेलातली! दोरी कापलेली आसा."

 कधीकाळी बुडालेल्या गलबताची ती काशाची घंटा. वजन वीस किलो. चॅपेलातून उतरवताना चॅपेल सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या सांतानला आणि त्याच्या भाच्याला घाम फुटला होता. समुद्रावर गेलेली होडी परतली नाही, तरच ती वाजवायची. एरवी तिला कुणी बोटसुद्धा लावत नसे. उगाच वाजवली तर होडी बुडते, अशी वाड्यावरची समजूत. महोत्सवाच्या कमानीला शोभेसाठी टांगायला चॅपेलच्या मंडळाने ती मोठ्या मनाने दिली, आणि तीन दिवसांपूर्वी सजावटकार अ‍ॅलन तिला पॉलिश करायला घेऊन गेला होता.

उपनिरीक्षक शर्मिला राऊळ यांनी महोत्सवाचं फाटक तेव्हाच बंद करवलं होतं. मर्लिन पोलिसांच्या तंबूत पोचली तेव्हा खुर्चीवर लवू बसला होता. अंगात संकासुराचा काळा झगा, मांडीवर लाल जिभेचा मुखवटा. नाच संपताच तो एकटाच कमानीच्या खांबामागे गेला होता, हे दहा जणांनी पाहिलं होतं.

"खांबामागे कशाला गेलास?"

"मुखवटो काडूक, मॅडम. दम लागलेलो."

"घंटा होती तेव्हा?"

"वर बघूक नाय."

"तीन वर्षांपूर्वी ट्रॉलरचं डिझेल चोरून आत गेला होतास, तो तूच ना?"

लवूने मान खाली घातली. "होय. पण ही मी घेवक नाय."

"कुत्र्याचा शेपूट वाकडा ता वाकडाच," दारातून सांतान बोलला. बाहेर गर्दीतून हुंकार आला.

लवूच्या पोत्यात घंटा सापडली नाही. पण साथीदाराने लांबवली असेल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. नाचाच्या मंडळींनी तीन वर्षांनी आज पहिल्यांदा त्याला संकासुर दिला होता. आता तो जीपमध्ये बसला, की गावात त्याला पुन्हा कुणी दारात उभं करणार नव्हतं. हे मर्लिनला कळत होतं. तरी ती मान वळवून तिपाई पिशवीत भरू लागली.

पुढची पाळी अ‍ॅलनची. चॅपेलच्या मंडळाचा सभासद, सडपातळ, कमरेला रुंद पट्टा.

"सजावट तुमची?"

"सगळी माझी. कामगारांचं काय सांगू मॅडम, नऊच्या आधी एकही तोंड दाखवत नाही. आजही तेच. मरमर माझीच."

"नाच संपला तेव्हा कुठे होतात?"

"कमानीमागे. उरलेली कापडं गुंडाळत होतो. लवूला पाहिलं मी." त्याने पट्टा थोपटला. "या पाठीने मी पाण्याची कळशी उचलत नाही. नाहीतर धावलो असतो त्याच्यामागे."

शर्मिलांनी जीप मागवली. मग त्या मर्लिनकडे वळल्या. "टीचर, तुम्ही समोरच होतात. फोटो दाखवा."

फोटो बघून त्यांचा चेहरा पडला. "हे काय? सगळं पुसलेलं!"

"मुद्दाम," मर्लिन म्हणाली. हायस्कूलवर पंचवीस वर्षं विज्ञान शिकवल्याने तिचं बोलणं नेहमी फळ्यापाशी उभं असल्यासारखंच होई. "संकासुर गोठवला तर नुसतं काळं कापड दिसतं. म्हणून मी शटर अर्धा सेकंद उघडं ठेवते. तेवढ्या वेळात जे हलतं ते पसरतं. जे हलत नाही ते जसंच्या तसं येतं. कॅमेरा तिपाईवर असतो, तो हलत नाही."

एकेक फोटो सरकू लागला. लवू गिरकी घेताना धुरासारखा पसरला होता, जिभेचा लाल फराटा हवेत ओढला गेला होता. मागे कमानीचे बांबू मात्र इतके स्पष्ट, की पेरं मोजावीत.

आणि दोन बांबूंच्या मध्ये घंटा.

मर्लिनचं बोट थांबलं. तिने फोटो मोठा केला. पुढचा पाहिला. त्याच्या पुढचा. मग ती मागे गेली, सकाळच्या फोटोंकडे. प्रकाश कसा पडतो ते बघायला ती साडेसातलाच येऊन गेली होती. रिकामा मंच, रिकाम्या खुर्च्या, कमान आणि घंटा. 

"लवूला जीपमध्ये बसवू नका," ती म्हणाली. "अ‍ॅलनला परत बोलवा. आणि त्याचं कापडांचं गाठोडंही आणा."

अ‍ॅलन हसत आला. मर्लिनने कॅमेरा टेबलावर ठेवला.

"मॅडम, नाचाच्या सगळ्या फोटोंत घंटेची कड पुसलेली आहे. म्हणजे अर्ध्या सेकंदात ती वाऱ्यावर हलली. बांबू जागच्या जागी, घंटा हलती. हा गेल्या वर्षीच्या फेस्ताच्या सणाचा फोटो. चॅपेलच्या पडवीत असाच वारा, असाच अर्धा सेकंद. मुलींचे झगे उडाले आहेत, घंटा ढिम्म. वीस किलो काशाला एवढासा वारा काय हलवणार?"

"म्हणजे?" शर्मिलांनी विचारलं.

"म्हणजे नाचाच्या वेळी कमानीला आपली घंटा नव्हतीच. हलकं सोंग होतं. ते एका हाताने काढता येतं, त्याला ताकद लागत नाही."

अ‍ॅलनचं हसू विरलं. "टीचर, फोटोवरून कायपण बोलशात?"

"नुसत्या फोटोवरून नाही, तुझ्या तोंडच्या शब्दावरून. तुझे कामगार आज नऊला आले. काल दिवेलागणीला कमान रिकामी होती, ते सगळ्यांनी पाहिलं; आणि माझ्या सकाळी साडेसातच्या फोटोत घंटा टांगलेली आहे. कळशी न उचलणाऱ्या माणसाने वीस किलो शिडीवर चढून एकट्याने कसे टांगले? कामगारांच्या हाती दिली असतीस, तर वजनावरून त्यांनी ओळखलं असतं. शोभेपुरती टांगल्यावर तिला कुणी हात लावणार नाही, वाजवणार तर नाहीच, हे तुला पुरतं ठाऊक होतं. पण उतरवून परत द्यायची म्हटली, की पहिला हात सांतानचाच. म्हणून परत द्यायची वेळ येण्याआधी ती चोरीला जायलाच हवी होती. नाच संपल्यावरची धांदल आणि खांबामागे लवू, याहून बरी संधी तुला मिळाली नसती."

हवालदाराने गाठोडं सोडलं. सॅटिनच्या कापडांमधून घंटा बाहेर आली. ती त्याने दोन बोटांवर उचलली. सावंतवाडीला खेळणी करतात, तसल्या पांगाऱ्याच्या लाकडाची, वर काशाचा रंग.

"खरी खंय आसा?" सांतान गाठोड्यावर वाकला.

अ‍ॅलन खाली बसला. पाठीचं दुखणं तो विसरला. "आरोंद्याक. माझ्या गोदामात. गोव्याचो माणूस उद्या न्हेवक येतलो... माका वाटला, लवूवर गेला तर कोण इचारतलो?"

 शर्मिलांनी लवूसाठी मागवलेल्या जीपमध्ये अ‍ॅलनला बसवलं आणि आरोंद्याला माणसं धाडली.

लवू उठला. झगा काढून त्याने नीट घडी घातली. सांतान त्याच्यासमोर हात जोडून उभा होता. लवू त्याला वळसा घालून मर्लिनपाशी आला.

"टीचर, एक इचारू? तुमकाव मी चोर वाटलंय मा?"

खोटं बोलणं सोपं होतं. आज तिने त्याला वाचवलं होतं, तेवढ्यावर निभावलं असतं.

"होय लवू," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "फोटो बघीपर्यंत माकाव तसाच वाटला."



"सांगलात ता बरा केलात," तो म्हणाला. "बाकीचे तेवढाव बोलूचे नाय."

त्याने पोतं खांद्यावर टाकलं. गर्दीने वाट करून दिली, आणि तो गेला तेव्हा सगळे वाळूकडे बघत उभे होते.