भरलेले पाय

मुलांनो, डोळे मिटा आणि गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावचा आठवडी बाजार समोर आणा. ताडपत्रीवरून पाणी ठिबकतंय, नव्या रबराचा वास सुटलाय आणि चपलांच्या दुकानापुढे एक तरुणी चप्पल हातात धरून उभी आहे. घ्यायला नव्हे... भांडायला!

ती मंजू. शेजारी तिची लहानगी भाची रिंकी. रिंकीचे आईबाप नागपूरला कामाला, म्हणून पोरगी आजीकडे, आत्याकडे वाढत होती.

"मागच्या बाजारात घेतली जी, अन् आता पायच जात नाही! लहान माप कायले दिलं?"

दुकानदार हिमांशू फुलचूर गावचा. तो हसला. "चप्पल तेवढीच आहे. पाय मोठा झाला."

"एका आठवड्यात? मले येडी समजता?"

"नाही जी. येड्या गिऱ्हाइकाचे डोळे एवढे चमकत नाही."

मंजू आणखीच तापली. तोवर त्यानं खाली बसून रिंकीच्या पायावर अंगठा दाबला, उचलला... खळगा तसाच राहिला. त्याचं हसू विझलं.

"हिले काही आजार आहे काय? औषधं सुरू आहेत काय?"

मंजूनं सगळं सांगून टाकलं. रिंकीला मूत्रपिंडाचा आजार होता, अंग सुजायचं. गोळ्यांनी तो शांत झाला होता. मग गाल गुबगुबीत दिसू लागले, शेजारणी म्हणाल्या, "पोरगी भरली!" आणि आजीनं, म्हणजे मंजूच्या आई रामकलीबाईंनी, खुशीत गोळ्या बंद केल्या. मंजूलाही ते खरंच वाटलं होतं.

"हे भरणं नाही, सूज आहे," हिमांशू म्हणाला. "मलेही होता हाच आजार. तो शांत होते, पण गेला असं समजायचं नाही. चला, गाडीवर सोडतो दवाखान्यात."

गोंदियाच्या दवाखान्यात रिंकीची सूज हळूहळू उतरली. हिमांशू रोज यायचा.

"दुकान कोण पाहते?" मंजू विचारायची.

"भांडणारं गिऱ्हाईकच इथं... तिथं बसून काय करू?"

एका संध्याकाळी व्हरांड्यात तो गंभीर झाला. "मंजू, माझा आजार पुन्हा उलटू शकते. हे सांगितलं, अन् जमलेलं लग्न मोडलं."

"खरं बोलले म्हणून मोडलं?" मंजू कडाडली. "लाज नाही वाटली त्यांना? अन् मले कायले सांगून राहिले?"

"तुझ्यापासून लपवावं वाटत नाही..."

मंजू त्याच्याशेजारी बाकावर बसली. मग हळूच म्हणाली, "मले तुम्हीच पाहिजे."

रिंकी घरी आली. काही दिवसांनी हिमांशू मागणी घालायला आला. तो ओसरीवर बसला होता, आणि आत भांडण पेटलं.

"आजार उलटला तर?" रामकलीबाई म्हणाल्या.

"तर मी औषध देईन. बंद नाही करणार, तुझ्यासारखं!" मंजूचा आवाज चढला. "सूज कोणी ओळखली, आई? त्यानं! अन् त्यालेच हाकलून राहिली?"

"बिमार माणूस माझ्या घरात नको म्हणजे नको!"

जेवत बसलेल्या रिंकीनं ते ऐकलं. तिनं ताट सरकवलं, हात धुतले, आपले दोन फ्रॉक पिशवीत कोंबले. कुणाकडे न पाहता ती ओसरीवर गेली.

"सरका जी," ती हिमांशूला म्हणाली. "आजीले बिमार माणसं नको." आणि पिशवी मांडीवर घेऊन त्याला चिकटून बसली.