अर्धा तास उशिरा चढलेला झेंडा

"बादली दाखवा."

खाडीची राखणदार म्हणून तिचा तो पहिलाच दिवस. शिंपले काढणाऱ्या त्या तरुणाने गुडघाभर पाण्यातूनच बादली पुढे केली. तिच्या हातात पितळेची कडी होती. कडीतून जो शिंपला निसटतो तो अजून लहान. त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं, वाढू द्यायचं. एवढा साधा नियम.

"मी निसटतो का, तेही बघा," तो हसला.

"डोकं अडकेल तुमचं... फारच फुगलंय!"

तेव्हापासून रोज ओहोटीला तो धक्क्यावर तिच्यापुढे बादली ठेवायचा. हळूहळू दोघं 'तू'वर आली. पहिला शिंपला मात्र तो पाण्यातच उघडून कच्चा खायचा. म्हणायचा, "चव घेतल्याशिवाय बादली भरत नाही मी."

त्याच सवयीने आज तिचा जीव टांगणीला लागला होता.

सकाळी सातला प्रयोगशाळेचा फोन आला : शिंपल्यांत विष भिनलंय, काठ बंद करा. हे विष डोळ्यांना दिसत नाही, जिभेलाही कळत नाही. लाल झेंडा चढला की कोणी पाण्यात उतरत नाही. तिने तो साडेसातला चढवला... आणि वळून पाहते तर खडकांआडून तो येत होता.

"खाल्लास?"

"एकच. का गं?"

ती त्याला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "यावर औषध नाही. इथेच बसा. ओठांना मुंग्या आल्या की लगेच हाक मारा. मग श्वासावर येतं. दुपारपर्यंत काही झालं नाही, तर सुटलात."

भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम हळू चालत होतं.

"ओठ?"

"आहेत जागेवर."

"नीट सांग ना!"

"दर पाच मिनिटांनी ओठांची चौकशी... ते कंपाउंडरकाका बघ कसे बघतायत."

"मस्करी सुचतेय तुला?" तिचा आवाज फाटला.

तो अगदी हळू म्हणाला, "भीती वाटतेय गं."

तिने त्याचा हात धरला. गार पडला होता. तिचाही.

"फोन सातलाच आला होता," ती म्हणाली. "मी थांबले... झेंडा चढला की तू यायचा नाहीस. वाटलं, धक्क्यावर एकदा भेटशील, मग चढवीन. तू आधीच पाण्यात असशील, हे... डोक्यातच आलं नाही."

खिशातून त्याने भलामोठा रिकामा शिंपला काढला.

"तुझ्या कडीतून कधीच निसटणार नाही असा शोधत होतो. तुला द्यायला. म्हणून खडकांकडे गेलो."

ती रडली. मग डोळे पुसून पुन्हा विचारलं, "ओठ?"

दुपारी डॉक्टरीणबाईंनी त्याला सोडलं. तिने थेट कचेरी गाठून नोंदवहीत लिहिलं : झेंडा अर्धा तास उशिरा. चूक माझी.

दुसऱ्या दिवशी काठ ओस होता. लाल झेंडा फडफडत होता. आणि धक्क्यावरून तो येत होता, रिकाम्या हातांनी.

"काठ बंद आहे," ती कशीबशी म्हणाली.

"शिंपल्यांसाठी ना?" तो शेजारी बसला. "झेंडा वेळेवर चढवत जा. मी... येतच जाईन."