वायापाताचे नाव

पेरूच्या उंच पहाडात, कायाराच्या गढीवर पहाट फुटली तेव्हा, ज्या चौथऱ्यावर एके काळी तिच्या आईची बैठक असे त्याच चौथऱ्याखाली, स्पॅनिश सुभेदारासमोर, तोक्तो चिंपू उभी होती. मुलखाची सरदारकी तिला आईच्या कुळाकडून आलेली, आणि त्या कुळाचा मान एवढा, की स्पेनच्या राजाच्या फर्मानानेच तिच्या अंगाला हात लावायची शिपायांना मनाई होती.

सुभेदाराला पाऱ्याच्या खाणीसाठी माणसे हवी होती. तिथे गेलेले परतत नसत, म्हणून तोक्तोने चाळीस घरे वायापाताच्या कुरणात दडवली होती. ठिकाण ठाऊक होते फक्त तिच्यामागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या कारभारी कोन्दोरीला आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ रिमाची याला. रिमाची दरबारात दुभाषी होता.

"साहेबांना सांग," ती म्हणाली, "ती माणसे तापाने गेली."

रिमाची स्पॅनिशमध्ये बोलू लागला. तोक्तोला ती भाषा येत नव्हती. पण त्या परक्या ओघात एक शब्द ओळखीचा आला, आणि पुन्हा आला. वायापाता. तो तर तिने उच्चारलाच नव्हता.

तिने भावाकडे पाहिले. त्याने नजर चुकवली. सुभेदाराने घोडी काढायचा हुकूम सोडला.

तोक्तो जणू सुभेदारालाच विनवत असल्याच्या सुरात आपल्या भाषेत बोलली, "कोन्दोरीबाबा, मागच्या दिंडी दरवाजाने निघा. सगळ्यांना खिंडीपार न्या. रिमाची, आता हेही सांग साहेबांना."

रिमाचीचे ओठ हलले नाहीत. म्हातारा मुजरा करून बाहेर पडला.

घोडी निघतील असे गढीला दार एकच. तोक्तो त्याच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. शिपाई थबकले. ऊन चढले तरी ती हलेना, तेव्हा सुभेदाराने रिमाचीला जवळ बोलावून काही सुनावले.

"आक्कासाहेब, उठावे," रिमाची खालच्या आवाजात म्हणाला. "नाहीतर आपली आई दासी होती, अशी साक्ष मला द्यावी लागेल."

"मी उठणार नाही. तुझे तू बघ."

त्याने साक्ष दिली. लेखनिकाने ती लिहून घेतली, आणि शिपायांनी तिला केस धरून बाजूला ओढले.

स्वार वायापाताला पोहोचले तेव्हा चुली कोमट होत्या, माणूस एकही नव्हता. रिकाम्या हाताने परतलेल्या सुभेदाराने साक्षीचा कागद मागवला. दासीची मुलगी सरदारीण नव्हे, तसा दासीचा मुलगाही सरदार नव्हे. त्याने दोघांनाही खाणीच्या वाटेला लावले.

तिसऱ्या दिवशी उतारावर मागून आवाज आला, "आक्कासाहेब, त्यांनी मला गादी कबूल केली होती."

"माझ्याकडे मागितली असतीस तर दिली असती," तोक्तो म्हणाली. आणि ती खाणीच्या वाटेने उतार उतरत राहिली.