पूर्णानगरचं उच्छ्वासक्षेत्र

पूर्णानगरात भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी माणसं पायी बाजाराला जात. उरलेल्या विदर्भाला यावर विश्वास बसत नसे. रस्त्यांवर कडुनिंब आणि करंजाची सावली होती, गच्च्यांवर वेली होत्या आणि पूर्वेच्या नदीवरून निघालेला वारा गल्लीबोळांतून अखंड वाहत होता. ही किमया घडवली होती हरितसूत्राने. शहरात कुठे झाड लावायचं, कुठे तळं करायचं आणि कुठली जागा मोकळी सोडायची, हे सांगणारं ते गणित. पूर्वी झाडं जागा मिळेल तिथे लावली जात आणि निम्मी वाया जात. एका झाडाने शेजारच्या झाडाचा वारा अडवला, तर दोन्हींचा उपयोग कमी होतो. शहराचे चौकोन पाडले आणि प्रत्येकात काय असावं हे ठरवायचं म्हटलं, तर शक्यता इतक्या होतात की माणसाच्या कित्येक पिढ्या त्या तपासण्यात जातील. हरितसूत्र त्यांतून नेमकी मांडणी शोधून काढी. ते डॉ. सुनेत्रा धाबेकर यांनी रचलं होतं.

शहराच्या पश्चिमेला टेकाडी नावाची वस्ती होती. तिथे मात्र एकही झाड नव्हतं. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका शेवंता निमजे दरवर्षी झाडांसाठी अर्ज करत आणि दरवर्षी उत्तर येई, की तिथली जमीन मुरमाड आहे, झाडं जगणार नाहीत. निमजेबाईंनी ते खरं मानलं होतं. त्या वर्षी त्यांनी सुनेत्राबाईंनाच शाळेत बोलावलं. एवढी मोठी गणिती आपल्याच शहरातली आहे, तर मुलांनी तिला पाहावं, एवढाच त्यांचा हेतू होता.

सुनेत्राबाईंना नाही म्हणता आलं नाही. टेकाडीत त्या पूर्वी कधी गेल्या नव्हत्या. गाडीतून उतरताच तव्यावरून उठावी तशी झळ त्यांच्या तोंडावर आली. वारा इथेही होता, पण सगळ्या शहराची धग गोळा करून आलेला.

पत्र्याच्या वर्गात त्या मुलांना सांगू लागल्या, की गणिताने शहर कसं थंड केलं. मुलं मन लावून ऐकत होती. मध्येच पुढच्या रांगेतल्या एका मुलीचा घोळणा फुटला. फ्रॉकवर रक्त सांडलं, तरी वर्गात कुणी दचकलं नाही. शेजारची मुलगी उठली, तिने माठातलं पाणी तिच्या टाळूवर थापलं आणि परत जागेवर येऊन बसली. मुलीने नाक चिमटीत धरलं आणि पुढचं ऐकायला मान वर केली.

भाषण कसंबसं आटोपून त्या निमजेबाईंच्या खोलीत आल्या. चहा समोर निवत होता. निमजेबाई म्हणाल्या, की उन्हाळ्यात हे रोजचंच आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तेव्हा सुनेत्राबाईंना राहवलं नाही.

“मॅडम, तुमची जमीन चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “मुरमाचं कारण मी लिहून दिलं होतं.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चुलीला धुराडं लागतं, तसं शहरालाही लागतं. एक जागा उघडी आणि तापलेली ठेवली की तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला नदीकडची थंड हवा शहरभरातून ओढली जाते. त्या जागेला गणितात उच्छ्वासक्षेत्र म्हणतात. शहर तिथून श्वास सोडतं. टेकाडीत झाडी वाढली तर वारा पडेल, आणि म्हातारी माणसं उन्हाळ्यात पूर्वीसारखी घराघरांत दगावू लागतील.

निमजेबाईंनी चहाचा कप बाजूला सारला. “पण आम्हीच का?” त्यांनी विचारलं.

“पश्चिमेला दोन-तीन जागा चालण्यासारख्या होत्या. त्यांतली एक निवडण्यासाठी मी सूत्रात एक संख्या घातली. तिला तक्रारभार म्हणतात. झाडांचे अर्ज त्यात धरत नाहीत. जिथून तक्रारी कमी येतात, ती जागा सूत्राला हलकी वाटते.”

“म्हणजे आम्ही ओरडलो नाही म्हणून.”

“हो.”

निमजेबाई चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुनेत्राबाईंना वाटलं. त्यांनी खाली मान घालून सांगितलं, की आता तक्रारी करा, घराघरातून करा, थांबू नका.

टेकाडीने ते मनावर घेतलं. तक्रारींचा पाऊस पडला. वर्ष सरताना हरितसूत्र नव्याने चालवलं गेलं, आणि टेकाडीला झाडं मंजूर झाली. शाळेभोवती पुरुषभर वाढवून आणलेले करंज लागले आणि गल्ल्यांत कडुनिंब. पुढच्या उन्हाळ्यात मुलांचे घोळणे फुटणं कमी झालं. शहराचा वारा मात्र तसाच राहिला.

निमजेबाई आभार मानायला सुनेत्राबाईंच्या कचेरीत आल्या. मुलांनी केलेली कागदी फुलं त्यांनी टेबलावर ठेवली. निघताना त्या दाराशी थबकल्या.

“उच्छ्वासक्षेत्र आता कुठे आहे?”

सुनेत्राबाई हा प्रश्न येणार म्हणून घाबरूनच होत्या. वीटभट्ट्यांच्या पलीकडे जे लोक बाहेरगावाहून येऊन राहिले आहेत, तिथे, असं त्यांनी सांगितलं. त्या लोकांना तक्रार कुठे करतात हेही ठाऊक नव्हतं. तक्रारभार सूत्रातून काढून टाकायचा प्रस्ताव त्यांनी दिला होता, पण वरिष्ठांनी तो बाजूला ठेवून दिला होता. आणि सुनेत्राबाईही गप्प बसल्या होत्या.

निमजेबाई परत येऊन खुर्चीत बसल्या. ती वस्ती त्यांना माहीत होती. तिथली काही मुलं त्यांच्याच शाळेत येत.

“तुम्ही म्हणाल तर मी आजच तिथे जाते,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “तुम्हाला सांगितलं तसं त्यांनाही सांगते. पण मग ते तक्रार करतील, आणि सूत्र पुन्हा कुठे वळेल ते मला सांगता येणार नाही. कदाचित तुमच्याकडेच.”

निमजेबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं आणि सोडवलं. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता.

“पुढच्या वर्षी सांगा. आमची झाडं जरा मोठी होऊ द्या.”

सुनेत्राबाईंनी मान डोलावली. दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही. निमजेबाई निघून गेल्यावर सुनेत्राबाईंच्या लक्षात आलं, की आपल्याला हलकं वाटतं आहे. आता या गोष्टीची लाज वाटणारं आणखी एक माणूस शहरात होतं. आजवर केलेल्या कशाचीही वाटली नव्हती, इतकी शरम त्यांना त्या हलकेपणाची वाटली.